स्नेअरचा पहिला स्टँड निवडताना

नवा ड्रमसेट घेणारा माणूस आधी ड्रमचा रंग पाहतो, मग झांजा वाजवून पाहतो, आणि स्टँडकडे सगळ्यात शेवटी वळतो. पैसे संपत आलेले असतात, म्हणून जो स्वस्त असेल तो स्टँड उचलला जातो. खरे तर पूर्ण सेटमध्ये हाताखाली सर्वाधिक वेळ असतो तो स्नेअर ड्रम. तो दोन गुडघ्यांच्या मध्ये बसतो आणि बाकीची सगळी मांडणी त्याच्या अंदाजाने होते. त्याची उंची चुकली की स्टूल सरकते, स्टूल सरकले की पायाखालच्या पेडलचे अंतर बदलते, आणि शिकणारा पहिल्या महिन्यापासून वाकड्या बैठकीची सवय लावून घेतो. अशी सवय मोडायला पुढे फार त्रास पडतो. म्हणून स्वस्त स्टँड जरूर घ्यावा, पण कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही हे समजून घ्यावा.

स्नेअर ड्रमला स्टँड मिळाला तो बराच उशिरा. युरोपातल्या फौजांमध्ये हा ड्रम पट्ट्याने खांद्यावरून अडकवून डाव्या मांडीपाशी लटकत असे. चालताना तो तिरका राहायचा आणि तिरक्या ड्रमवर डावी काठी तळहात वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरावी लागायची. जॅझ वाजवणारे कित्येक ड्रमर आजही तीच पकड वापरतात. ड्रम रंगमंचासमोरच्या वाद्यवृंदात आला तेव्हा वादक बसून वाजवू लागले आणि ड्रम ठेवायला खुर्चीचा आधार घेऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात युलिसिस लीडी नावाच्या ड्रमरने घडी होणारा आणि उंची बदलता येणारा स्टँड तयार केला. सोबतच्या वादकांनी तो मागायला सुरुवात केली आणि त्यातून लीडीची वाद्यनिर्मिती कंपनी उभी राहिली. पुढे 1909 मध्ये शिकागोत लुडविग बंधूंनी बास ड्रमच्या पेडलचा धंदा सुरू केला. स्टँड आणि पेडल या दोन गोष्टी हाताशी आल्यावर एकाच माणसाला बसून दोन-तीन ड्रम वाजवणे सोपे झाले. आजचा ड्रमसेट त्यातूनच घडत गेला. तो मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आला, गोव्याच्या तियात्रात आला, आणि कावस लॉर्ड, लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ अशा वादकांच्या हातून हिंदी चित्रपटसंगीतातही पोचला.

आपल्याकडे पट्ट्यावरची परंपरा मात्र अजून जोरात आहे. ढोल-ताशा पथकातला ताशा कमरेशी बांधलेला असतो, शाळेच्या बँडमधला साइड ड्रमही गळ्यात अडकवलेला असतो. पथकात किंवा शाळेच्या बँडमध्ये हात तयार झालेली मुले पुढे ड्रमसेटकडे वळतात, तेव्हा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाद्य अंगापासून सुटे मिळते. अंगावरचे वाद्य शरीराबरोबर हलते आणि आपसूक हाताच्या बेताचे होते. स्टँडवरचे वाद्य आपल्या मापाला आपणच आणावे लागते.

स्टँडची रचना तशी साधी आहे. खाली तीन पायांची तिपाई, तिच्यातून वर येणारी एकात एक सरकणारी नळी, नळीच्या डोक्यावर ड्रमला कल देणारा सांधा, म्हणजे टिल्टर, आणि त्यावर तीन हातांची बास्केट. हातांच्या टोकांना रबर असते आणि त्या तीन रबरांत ड्रमची खालची रिम पकडली जाते. तीन टेकूंवर ठेवलेली वस्तू कधी डगडगत नाही, मग जमीन उंचसखल का असेना. चुलीला तीनच दगड लागतात ते याचमुळे.

आता खरेदीचा विचार. दुकानात स्टँडबद्दल बोलणे निघाले की पाय एका पत्तीचे आहेत की दोन पत्त्यांचे, इथूनच चर्चा सुरू होते. माझ्या मते नवशिक्याने पहिला प्रश्न वेगळा विचारावा: हा स्टँड खाली किती येतो?

याचा हिशेब सोपा आहे. प्रौढ माणसाचे स्टूल साधारण 19 ते 20 इंच उंच असते. मांडी आडवी किंवा गुडघ्याकडे किंचित उतरती असावी आणि ड्रमची वरची रिम मांडीच्या वर दोन-तीन इंच, म्हणजे साधारण कमरपट्ट्याच्या आसपास असावी. त्या हिशेबाने वरची रिम जमिनीपासून सुमारे 26 इंचांवर येते. ड्रम साडेपाच इंच खोल असेल, तर रिमसकट तो 6 इंचांच्या जवळ जातो. म्हणजे बास्केट 20 इंचांच्या आसपास हवी. हे माप बहुतेक स्टँड देतात. पण शिकणारा नऊ-दहा वर्षांचा असला तर स्टूल 15-16 इंचांवर येते, कारण त्याचे पाय पेडलवर सपाट टेकले पाहिजेत. ड्रमची वरची रिम मग 21 इंचांच्या आसपास हवी आणि बास्केट 15 वर. इथे अडचण येते. नेहमीचे बरेच स्टँड 18 इंचांच्या आसपास येऊन थांबतात, त्याखाली जातच नाहीत. पालक चांगला, भारी, महागडा स्टँड घेतात आणि तो मुलाच्या उपयोगाचा नसतो.

ड्रम तीन इंच वर राहिला तर काय बिघडते, असे वाटेल. बिघडते ते असे. मूल हात वर घ्यायला खांदे उचलते. कोपरे बाहेर जातात, मनगट खाली मोडते, आणि काठीचे टोक कातड्यावर पडण्याऐवजी काठीचा मधला भाग रिमवर आपटतो. उचललेल्या खांद्यांनी काही मिनिटांतच दमायला होते आणि वेग वाढवताना हात आखडतात. शिक्षक ‘खांदे सैल सोड’ म्हणून सांगत राहतात, पण दोष खांद्यात नसून खालच्या नळीत असतो. उलट ड्रम फार खाली राहिला तर काठी मांडीला लागते आणि पाठीला पोक येते. प्रौढांमध्ये उंच माणसांची ही तक्रार असते, पण नळी वर ओढली की ती मिटते. कमी उंचीवर मात्र उपाय थोडे आहेत. लो-प्रोफाइल म्हणून वेगळे बुटके स्टँड मिळतात, ते मुलांसाठी आणि साडेसहा-आठ इंच खोल ड्रमसाठी बनवलेले असतात. तसा स्टँड मिळत नसेल तर ड्रम कमी खोलीचा घ्यावा. चार-पाच इंच खोलीचा ड्रम घेतला तर तेवढीच थोडी उंची वाचते. स्टूल उंच करून वेळ मारून नेणे हा उपाय नव्हे, कारण त्यात पाय अधांतरी राहतात.

उभे राहून वाजवणाऱ्याची गोष्ट नेमकी उलटी. पाश्चात्त्य वाद्यवृंदातला स्नेअर वादक उभा असतो आणि शाळेच्या बँडचा सरावही बहुधा उभ्यानेच होतो. बसून वाजवायच्या स्टँडची नळी कितीही ओढली तरी तो कमरेपर्यंत पोचत नाही. ओढून ओढून टोकापर्यंत आणलेली नळी आतल्या नळीत जेमतेम इंचभर राहते आणि सगळा स्टँड झुलायला लागतो. अशांनी कॉन्सर्ट स्टँड या नावाने मिळणारा उंच स्टँडच घ्यावा.

उंचीनंतर बास्केट. बाजारातला सर्वसाधारण स्नेअर 14 इंच व्यासाचा असतो, तरी 13, 12 आणि 10 इंचांचेही मिळतात. बहुतेक बास्केटा 12 ते 14 इंच सहज धरतात. 10 इंचांचा ड्रम असेल तर तो नेऊनच पाहावा, कारण हात तेवढे जवळ येतील याची खात्री नसते. हात आवळायला बास्केटखाली एक मोठा चाकासारखा नट असतो. तो फिरवला की तिन्ही हात आत येतात. नट हाताने सहज फिरला पाहिजे, अडकत अडकत नाही. रबरी टोके पाहावीत: ती घट्ट बसलेली असावीत, फिरवली तर निघून हातात येऊ नयेत. स्वस्त स्टँडमध्ये पहिल्यांदा हरवतात ती हीच टोके. ती गेली की उघडे लोखंड रिमवर घासते, रिमचा मुलामा उडतो आणि प्रत्येक ठोक्याला खरखर ऐकू येते.

बास्केट आवळण्याबद्दल नवशिक्यांचा मोठा गैरसमज असतो. ड्रम हलू नये म्हणून ते नट जोर लावून आवळतात. ड्रम आतून बोलतो तो त्याचे भांडे आणि दोन्ही कातडी थरथरतात म्हणून. तीन हातांनी रिम करकचून दाबली की ही थरथर कमी होते आणि आवाज बोदा येतो. ड्रम हाताने फिरवला तर किंचित विरोध करून फिरावा, पण उचलला तर स्टँडसकट उचलला जावा, इतकीच पकड पुरे. ड्रम बसवताना आणखी एक गोष्ट सांभाळायची. खालच्या कातड्यावरून तारांची एक पट्टी जाते, तिच्यामुळेच स्नेअरचा तो चरचरीत आवाज निघतो. बास्केटचा एकही हात त्या पट्टीच्या वाटेत येता कामा नये. तारा सोडायची-आवळायची कळ डाव्या बाजूला, हाताला सापडेल अशी असावी आणि तिच्याखाली बास्केटचा हात नसावा. जमत नसेल तर ड्रम थोडा फिरवून घ्यावा.

टिल्टर दोन जातीचे. एकात दाते असतात: दोन दातेरी चकत्या एकमेकींत बसतात आणि वरून विंग नट आवळला जातो. दुसऱ्यात दाते नसतात, एक गोळा खोबणीत बसतो आणि ड्रम हव्या त्या बाजूला हव्या तितक्या अंशाने झुकवता येतो. टामाचा ओम्नी-बॉल हा असा गोळ्याचा सांधा, पर्लचा युनी-लॉक हाही बिनदात्यांचा. हातात घेतल्यावर बिनदात्यांचा सांधा फार सुखावतो, यात शंका नाही. पण तो निव्वळ घर्षणावर उभा असतो. चांगल्या कंपनीच्या स्टँडमध्ये हे घर्षण पुरते. अनोळखी नावाच्या स्वस्त स्टँडमध्ये वजनदार पितळी ड्रम ठेवला की वाजवता वाजवता ड्रम हळूहळू झुकू लागतो. पैसे कमी असतील तर दात्यांचा टिल्टर घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. फक्त दाते बारीक आणि दाट असावेत. दाते मोठे आणि विरळ असले तर एका खाचेत ड्रम फार सपाट वाटतो आणि पुढच्या खाचेत फार तिरका, मधले काही मिळतच नाही. दात्यांचे टिल्टर बिघडतात ते वापरणाऱ्यांच्या घाईमुळे. कल बदलताना नट पुरता सैल न करता ड्रम दाबून फिरवला की दात्यांची टोके घासली जातात. घासलेले दाते पुन्हा नीट बसत नाहीत. नट चार फेरे सैल करायचा, चकत्या वेगळ्या करायच्या, कल ठरवायचा, दाते दात्यांत बसल्याची खात्री करायची आणि मगच आवळायचे.

कल किती असावा? दोन्ही काठ्या सारख्या पकडणाऱ्याने ड्रम जवळजवळ सपाट ठेवावा, फार तर स्वतःकडे किंचित झुकता. डावी काठी जुन्या पद्धतीने पकडणारे ड्रम उजवीकडे किंवा समोर झुकवतात. नवशिक्याला पहिली काही वर्षे फार मोठा कल लागत नाही. त्यामुळे कोणत्याही दिशेला वळणाऱ्या महागड्या सांध्यासाठी त्याने जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

आता ते पत्त्यांचे प्रकरण. एकेरी पायात प्रत्येक पायाला एक पत्ती असते, दुहेरी पायात दोन समांतर पत्त्या. दुहेरी पायांचा स्टँड आडवा पिळला जात नाही, आदळआपट सोसतो, पण जड असतो. एकेरी पायांचा स्टँड सहज दोन-अडीच किलोत मिळतो, दुहेरीचा किलोभराने तरी अधिक भरतो. घरात सराव करणाऱ्या, लोकल किंवा एसटीने शिकवणीला जाणाऱ्या मुलाला एकेरी पायांचा नीट बनवलेला स्टँड पुष्कळ आहे. जुन्या जॅझ वादकांचे स्टँड हलकेच असत. मोठ्या कंपन्यांनी अलीकडे हलक्या स्टँडच्या मालिका पुन्हा काढल्या आहेत, यामाहाने तर ॲल्युमिनियमचे आणले. वजन म्हणजे मजबुती हे समीकरण सोडून द्यायला हवे. जाड पत्र्याचा दुहेरी स्टँड सैल रिबिटांचा असेल, तर त्यापेक्षा घट्ट रिबिटांचा एकेरी स्टँड सरस.

स्थिरता पायांच्या पसरण्यावर अधिक अवलंबून असते. ड्रमचे वजन ज्या बिंदूतून खाली उतरते तो बिंदू तीन पायांच्या त्रिकोणात पडला पाहिजे. ड्रम सपाट असताना तो मधोमध असतो, ड्रम झुकवला की झुकलेल्या बाजूला सरकतो. म्हणून ज्या दिशेला कल आहे त्या दिशेखाली एक पाय यावा. ही एक गोष्ट पाळली तर साधा स्टँडही कलंडत नाही. पाय उघडताना ते फार मिटलेले ठेवू नयेत. पण इतकेही पसरू नयेत की मधली नळी जमिनीला टेकेल. नळी टेकली की भार पायांवरून नळीवर जातो, पाय नुसते शोभेला उरतात आणि सगळा स्टँड डुगडुगतो. शिवाय बास ड्रमचे पेडल आणि हायहॅटचे पाय याच जागेत भांडत असतात, तेव्हा घरी सेट मांडून कोणता पाय कुठे जाईल हे एकदा ठरवून जमिनीवर खूण करावी.

बारीक गोष्टींकडे पाहिले की स्टँडची खरी लायकी कळते. बाहेरची नळी जिथे आतल्या नळीला पकडते तिथे नायलॉनचा बुश आहे का? नसेल तर धातूवर धातू घासून चरे पडतात आणि कंप वाढतो. विंग नट ज्या भागात आवळला जातो तो भाग बहुधा ओतीव मिश्रधातूचा असतो. तो पातळ असेल तर दोन-चार महिन्यांत आटे जातात. आटे गेलेला स्टँड आवळला जात नाही, दुरुस्तही सहसा होत नाही. नट दोन-तीन वेळा पूर्ण काढून पुन्हा लावून पाहावा, तो सरळ आणि गुळगुळीत बसला पाहिजे. नळीवर मेमरी लॉक नावाची छोटी कडी असेल तर उत्तम. ड्रमच्या चावीने ती एकदा आवळली की दर वेळी तीच उंची मिळते आणि नळी घसरत खालीही येत नाही. स्टँड रोज उघडमीट करणाऱ्यासाठी ही कडी फार मोलाची आहे.

किमतीचे म्हणाल तर भाव सारखे बदलतात, तरी अंदाज देतो. बिननावाचा एकेरी स्टँड दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळतो, नावाजलेल्या कंपन्यांचे सुरुवातीचे स्टँड त्याच्या दुपटीच्या आसपास जातात. या दोन टोकांत मला तिसरा मार्ग सगळ्यात चांगला वाटतो: नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला स्टँड. पर्ल, टामा, यामाहा, मेपेक्स यांचे दहा वर्षांचे स्टँडही बुश, रबर आणि नट बदलून पुढची दहा वर्षे चालतात. त्यांचे सुटे भाग मिळतात, बिननावाच्या स्टँडचे मिळत नाहीत. मुंबईत धोबी तलावच्या परिसरात वाद्यांची जुनी दुकाने आहेत, 1865 पासून चालत आलेले फुर्टाडोज त्यांतलेच. अशा ठिकाणी चौकशी केली, किंवा चर्चच्या वादकांकडे, क्लासच्या शिक्षकांकडे शब्द टाकून ठेवला, तर सेट विकणारे कोणी ना कोणी भेटते. वापरलेला स्टँड घेताना चकाकी गेली म्हणून नाक मुरडू नये. दाते, आटे आणि रिबिटे तपासावीत. वरचा मुलामा डागाळला म्हणून काही बिघडत नाही, नळी आतून गंजून अडकत असेल तर मात्र सोडून द्यावा.

गंजाचा मुद्दा कोकण, मुंबई आणि गोव्यात राहणाऱ्यांसाठी किरकोळ नाही. खारी दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस क्रोमच्या मुलाम्याला सूक्ष्म छिद्रांतून पोखरतात. वाजवून झाल्यावर घामाच्या हातांचे डाग कोरड्या फडक्याने पुसावेत. पावसाळ्याआधी आट्यांना आणि रिबिटांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा. तेल रबराला लागू देऊ नये, रबर फुगते आणि मऊ पडते. पावसाळ्यात स्टँड भिजलेल्या पिशवीत तसाच बांधून ठेवू नये. फरशीच्या घरात आणखी एक काळजी: गुळगुळीत टाइल्सवर रबरी पाय हळूहळू सरकतात, म्हणून सेटखाली जाड सतरंजी घालावी. तिने शेजाऱ्यांनाही थोडा दिलासा मिळतो.

ज्यांच्याकडे अजून ड्रम नाही, फक्त सरावाचे पॅड आहे, त्यांनीही स्टँड आत्ताच घ्यावा असे मला वाटते. पॅड टेबलावर किंवा मांडीवर ठेवून सराव केला तर उंची रोज वेगळी पडते. 12 इंचांचे पॅड बास्केटमध्ये नीट बसते, 6 किंवा 8 इंचांचे बसत नाही, तेव्हा पॅड घेतानाच हे लक्षात ठेवावे. ड्रम पुढे कधीही घेता येतो, योग्य उंचीची सवय आजपासून लागते.

दुकानात जाताना तीन गोष्टी सोबत न्या: स्वतःचा ड्रम किंवा त्याची मापे, एक मोजपट्टी, आणि जो वाजवणार आहे तो माणूस. स्टँड सगळ्यात खाली आणून बास्केटची उंची मोजा, ड्रम बसवा, वाजवणाऱ्याला घरच्या उंचीच्या स्टुलावर बसवून पाच मिनिटे वाजवू द्या. वाजवताना स्टँडचा आवाज येतो का ऐका, ड्रमला हाताने बाजूने हलकेच ढकलून टिल्टर घसरतो का पाहा. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरे दुकान पाहा.